जपानी बोलभाषेतील जुगुप्सावाचक शब्द आणि कोशातील समीकरण

जपानी भाषेच्या आधुनिक कोशांत 'किमोइ' हे विशेषण काढून पाहिले असता त्याची नोंद बहुधा एका ओळीत आटोपलेली आढळते : 'किमोची वारुइ' या पदसमूहाचे संक्षिप्त रूप, अर्थ तोच, बोलभाषेतील शब्द. परकीय विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या शब्दसूचींत तर एवढेही कष्ट घेतलेले नसतात. तेथे 'किमोइ', 'किशोइ', 'उझाइ', 'गुरोइ', 'एगुइ' हे सारे शब्द एकाखाली एक मांडून त्यांच्यासमोर 'किळसवाणा', 'घाणेरडा', 'ओंगळ' अशा अर्थाचे पर्याय लिहिलेले असतात. पुण्यासारख्या ठिकाणी, जेथे जपानीचे अध्ययन-अध्यापन गेली कित्येक दशके चालू आहे, तेथील विद्यार्थी हे शब्द पाठ्यपुस्तकात भेटण्यापूर्वीच चित्रपटांतून आणि चित्रकथांतून उचलतो. कोशाने त्याच्या समजुतीवर शिक्कामोर्तब केले की प्रश्न संपला असे त्यास वाटते. वस्तुतः प्रश्न तेथेच सुरू होतो. संक्षेपाने शब्दाची लांबी घटते, अर्थ मात्र अबाधित राहतो, असे गृहीतक या नोंदीमागे आहे. आणि 'किमोइ'च्या बाबतीत ते गृहीतक टिकत नाही.

प्रथम मूळ पदसमूहाकडे वळावे. 'किमोची' हा शब्द 'कि' आणि 'मोची' अशा दोन अवयवांचा बनलेला आहे. 'कि' म्हणजे श्वास, चैतन्य, चित्तवृत्ती. 'मोची' हे 'मोत्सु' म्हणजे धारण करणे या क्रियापदापासून आलेले नाम. 'किमोची' म्हणजे चित्ताची धारणा, मनाची किंवा शरीराची त्या क्षणीची अवस्था. 'वारुइ' म्हणजे वाईट. या एका शब्दापुरतीच ही रचना मर्यादित असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जपानीत किळस, ओशाळलेपणा, अनामिक भीती या भावांसाठी याच साच्यातील शब्दांचे एक कुलच आहे. 'किमी गा वारुइ' यात 'कि'ला 'चव' या अर्थाचे चित्राक्षर जोडलेले आहे. 'किशोकु वारुइ' यात 'रंग' या अर्थाचे. अशिष्ट पण जुन्या 'मुनाकुसो वारुइ' या प्रयोगात छाती आणि विष्ठा यांचा संयोग आहे. चित्ताची चव वाईट, चित्ताचा रंग वाईट, चित्ताची धारणा वाईट : या सर्वांत जे वाईट आहे असे वाक्य सांगते ते अनुभव घेणाऱ्याच्या आत आहे. समोरची वस्तू केवळ निमित्तमात्र. यंत्रमानवशास्त्राचे अभ्यासक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली आपल्या सुप्रसिद्ध निबंधाला 'बुकिमी नो तानी' हे शीर्षक दिले, त्यातील 'बुकिमी' हा शब्द याच कुलातील होय. आणि त्यांनी आपल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर यंत्राचा कोणताही गुण न मांडता पाहणाऱ्याच्या मनातील आपुलकी मांडली होती, ही गोष्ट शब्दाच्या घडणीशी सुसंगतच म्हटली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर एक साधी कसोटी लावून पाहता येते. घाटातून जाणाऱ्या बसमध्ये एखाद्या प्रवाशाला मळमळू लागले तर तो 'किमोची वारुइ' असे म्हणतो. येथे कोणी किळसवाणे नाही, कशाची किळसही नाही. वक्त्याची प्रकृती बिघडली आहे, इतकेच. हाच प्रयोग भिंतीवरच्या गोमेसाठीही चालतो आणि अंगचटीला येणाऱ्या माणसासाठीही चालतो. म्हणजे 'किमोची वारुइ' हा द्व्यर्थी आहे : एक अर्थ 'मला कसेतरी होते आहे', दुसरा 'ते कसेतरी करणारे आहे'. आता त्याच प्रवाशाने 'किमोइ' म्हणून पाहावे. शेजारचा प्रवासी त्याला औषध किंवा पिशवी देणार नाही. तो आपल्याकडेच कोणी बोट दाखवीत नाही ना, हे पाहील. 'किमोची वारुकु नात्ता' याचा अर्थ 'मला मळमळू लागले' असा होऊ शकतो. 'किमोकु नात्ता' याचा तसा होऊ शकत नाही. दोन अर्थांपैकी पहिला अर्थ संक्षेपाबरोबर गळून पडला आहे, आणि तो कोशकारांच्या समीकरणात कोठेच नोंदलेला नाही.

हा फरक जपानी व्याकरणाला अपरिचित आहे असे मात्र नाही. राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या तोराया निशिओ यांच्या विशेषणविषयक प्रबंधात भाव सांगणारी आणि धर्म सांगणारी असे विशेषणांचे दोन वर्ग सविस्तर विवेचिले आहेत. 'उरेशिइ' (आनंद वाटणे) हे पहिल्या वर्गातील, 'ताकाइ' (उंच) हे दुसऱ्या. आणि 'कोवाइ' (भय वाटणे, भयंकर असणे) यांसारखी काही विशेषणे दोहोंच्या सीमेवर उभी. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, एस. वाय. कुरोदा यांनी या भेदाचे एक मार्मिक अंग दाखवून दिले. जपानीत दुसऱ्याच्या मनातील भाव साध्या विशेषणाने विधान करून सांगता येत नाही. 'मी एकाकी आहे' याला 'साबिशिइ' पुरते. 'ती एकाकी आहे' यासाठी 'गारु' हा प्रत्यय लावून 'साबिशिगात्ते इरु', म्हणजे 'ती एकाकीपणाची लक्षणे दाखवीत आहे', असे म्हणावे लागते. परक्याच्या अंतःकरणात शिरण्याचा अधिकार भाषेने सामान्य वक्त्याला दिलेला नाही. (कथनकाराला तो आहे, परंतु तो कुरोदांच्या निबंधाचा स्वतंत्र विषय.) याच नियमामुळे 'कानोजो वा किमोची वारुइ' या वाक्याचा अर्थ 'तिला मळमळते आहे' असा सहसा होत नाही, 'ती किळसवाणी आहे' असा होतो. म्हणजे मूळ पदसमूहातही तृतीय पुरुषाच्या ठिकाणी भावाकडून धर्माकडे घसरण्याची वाट होतीच. 'किमोइ'ने ती वाट हाच राजमार्ग केला, आणि मागे परतण्याची सोय ठेवली नाही.

मराठी वाचकाला हा मुद्दा आपल्या परिभाषेत अधिक नेमका मांडता येईल. जुगुप्सा हा स्थायीभाव आणि त्यातून सिद्ध होणारा बीभत्स रस यांच्या चर्चेत आपले साहित्यशास्त्र भावाची दोन स्थाने मानते : ज्याच्या ठिकाणी भाव उत्पन्न होतो तो आश्रय, आणि ज्याला उद्देशून उत्पन्न होतो ते आलंबन. मराठीची वाक्यरचना या दोन्ही स्थानांचा मान राखते. 'मला त्याची किळस येते' या वाक्यात आश्रय चतुर्थीत आणि आलंबन षष्ठीत स्पष्ट उभे आहे. 'तो किळसवाणा आहे' असे म्हणताना आपण आश्रयाला बाजूस सारतो, पण तसे करताना क्रियापद बदलतो, वाक्य बदलतो, आणि आपण काहीतरी अधिक कठोर बोललो याची जाणीव वक्त्यालाही असते. 'किमोची वारुइ' मध्ये आश्रय शब्दाच्या पोटात होता. 'किमोइ' मध्ये आश्रय नाही. उरले ते केवळ आलंबन. गंमत अशी की, शब्दाचा जो तुकडा उरला तो आश्रयाचाच होता. 'वाईट' हा अर्थ सांगणारा 'वारुइ' पूर्ण नाहीसा झाला असून 'चित्तधारणा' या तटस्थ अर्थाच्या शब्दाचा पूर्वार्ध तेवढा शिल्लक राहिला, आणि तोच आता निखळ निंदा वाहतो. मराठीत 'वास येतो' म्हटले की दुर्गंधच समजायचा, तशातला हा प्रकार.

संक्षेपाची रीत स्वतः निरुपद्रवी आहे. जपानी तरुणांच्या बोलीत लांब विशेषणांचा आरंभीचा, बहुधा दोन मात्रांचा, तुकडा घेऊन त्याला 'इ' हा विशेषणप्रत्यय जोडण्याचा परिपाठ आहे : 'मुझुकाशिइ' (कठीण) वरून 'मुझुइ', 'हाझुकाशिइ' (लाजिरवाणे) वरून 'हाझुइ'. या दोन शब्दांत अर्थाची कोणतीही मोडतोड झालेली नाही. तेव्हा संक्षेप हाच दोषी, असे सरसकट म्हणता येणार नाही. कान्साइ प्रदेशाशी निगडित असलेला 'किशोइ' ('किशोकु वारुइ' वरून) मात्र 'किमोइ'च्याच मार्गाने गेला आहे. 'उझाइ'ची कथा निराळी. त्याचे मूळ 'उझात्ताइ' या शब्दात असून तो तोक्योच्या पश्चिमेकडील तामा भागाच्या बोलीतला. फुमिओ इनोउए यांनी 'नव-बोली' या संकल्पनेखाली ज्या शब्दांचा प्रवास अभ्यासला त्यांत हा प्रमुख होता. राजधानीची भाषा खेड्यांत जाते, ही नेहमीची समजूत येथे उलटी ठरली. एका शेतकरी प्रदेशातील शब्द राजधानीच्या तरुणांनी उचलला, त्याला छाटून 'उझाइ' केले आणि तो देशभर पसरला. परंतु अर्थाने 'उझाइ' हा किळसेपेक्षा उबगाचा शब्द आहे. आईची तीच ती सूचना, न थांबणारी जाहिरात, मध्ये मध्ये करणारा धाकटा भाऊ : हे 'उझाइ'. त्याला 'किळसवाणा' हा पर्याय देणाऱ्या शब्दसूची सरळ चुकीच्या आहेत. 'कटकट्या', 'डोक्याला ताप' हे त्याच्या जवळचे.

'गुरोइ' आणि 'एगुइ' या दोघांवर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. पहिला युरोपीय 'ग्रोतेस्क' या शब्दाच्या जपानी संक्षेपावरून आला आणि त्याच्या मागे १९२० ते १९३०च्या दशकांतील 'एरो-गुरो-नानसेन्सु' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरी अभिरुचीचा इतिहास आहे. तो रक्तमांसाच्या दर्शनाशी बांधलेला राहिला. दुसरा अस्सल जपानी व जुना. कच्च्या अळकुडीने किंवा नीट न शिजवलेल्या बांबूच्या कोंबाने घसा खवखवतो, तो 'एगुइ'. खाजऱ्या अळूची ओळख असणाऱ्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको. आज तो निर्घृण, भयानक आणि, त्याच दमात, अफाट चांगले या अर्थांनीही फिरतो. 'याबाइ' या धोकादर्शक शब्दाचेही असेच झाले. त्याचे पूर्वरूप 'याबा' हे जिप्पेन्शा इक्कू यांच्या 'तोकाइदोचू हिझाकुरिगे' या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या विनोदी प्रवासकथेतही सापडते. सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या २०१४ या आर्थिक वर्षातील भाषाविषयक पाहणीत तो 'फार छान' या अर्थाने वापरणाऱ्यांचे प्रमाण एकंदर २६.९ टक्के, तर १६ ते १९ वर्षे वयोगटात ९१.५ टक्के आढळले. 'किमोइ'ला स्तुतीचा असा दरवाजा त्या प्रमाणात उघडलेला नाही. 'किमोकावाइइ', म्हणजे किळसवाणा तरी गोंडस, हा जोडशब्द आहे खरा. पण त्यात गोडवा आणण्याचे काम 'कावाइइ'ला करावे लागते. 'याबाइ' हा प्रसंगाविषयी बोलतो, आणि प्रसंग पालटतो. 'किमोइ' माणसाविषयी बोलू लागला आहे.

येथे एका लोकप्रिय उपपत्तीची दखल घेणे प्राप्त आहे. जुगुप्सेचे शब्द म्हणजे शरीराच्या प्रतिक्षेपाचा ध्वनी, ओकारीचे अनुकरण, आणि म्हणून ते सर्वत्र नैसर्गिक असतात, असे म्हटले जाते. जपानीपुरते पाहिल्यास या मताला आधार नाही असे नाही. अनुकरणवाचक शब्दांत आद्य व्यंजन घोष केले की मलिनता, जडपणा, ओबडधोबडपणा सूचित होतो : 'सारासारा' गुळगुळीत तर 'झाराझारा' खरबरीत, 'किराकिरा' चमचमणारे तर 'गिरागिरा' डोळ्यांना खुपणारे, 'तोरोतोरो' मऊसर दाट तर 'दोरोदोरो' चिखलासारखे. हारुहिको किंदाइची यांनी त्सुरुको आसानो संपादित १९७८च्या अनुकरणशब्दकोशाच्या प्रास्ताविकात आणि शोको हामानो यांनी १९९८च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेचे विवेचन केले आहे. अस्सल जपानी शब्दांच्या आरंभी प्राचीन काळी घोष स्पर्श येत नसत. त्यामुळे जे शब्द पुढे घोष वर्णाने सुरू झाले त्यांना एक हलकेपणा चिकटला. 'सामा' म्हणजे रूप, थाट. 'झामा' म्हणजे फजितीचे ध्यान. चिखल 'दोरो', गटार 'दोबु', केर 'गोमी', ओकारी 'गेरो'. ही साक्ष वजनदार आहे. परंतु ज्या शब्दावर आज या भावाचा सर्वाधिक भार आहे, तो 'किमोइ', अघोष 'क'ने सुरू होतो, 'किशोइ' तसाच, 'कितानाइ' (घाणेरडा) हाही तसाच. त्यांच्या ध्वनीत ओकारी नाही. ते व्याकरणाने घडवलेले शब्द आहेत, आणि त्यांचा परिणामही व्याकरणातूनच होतो. ध्वनीच्या नैसर्गिकतेवर बोट ठेवणारा अभ्यासक नकळत वक्त्याची जबाबदारीही निसर्गावर टाकतो, ही या उपपत्तीतील खरी उणीव होय.

जबाबदारी टाळण्याच्या वाटा बोलीनेही शोधल्या आहेत. 'सेइरितेकी नि मुरी' हा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शब्दशः अर्थ : 'शरीरव्यापाराच्या दृष्टीने अशक्य'. एखाद्या माणसाविषयी हे म्हटले की त्याच्या वागण्याविषयी चर्चा करण्याची गरज उरत नाही. निर्णय आपण दिलेला नाही, आपल्या शरीराने दिला आहे, असा पवित्रा वक्त्याला घेता येतो. 'किमोइ' दोष आलंबनावर ढकलतो. हा प्रयोग आश्रयाला मान्य करतो, पण त्याच्यातील कर्तेपण काढून घेतो. याउलट 'हिकु' (मागे सरणे) आणि त्याचे तीव्र रूप 'दोन्बिकी' यांत मागे सरणारा स्वतःच्या हालचालीचे वर्णन करतो. 'मुकात्सुकु' या क्रियापदाचा प्रवासही बोधप्रद आहे. मुळात पोटात ढवळणे, मळमळणे. आज तरुणांच्या तोंडी राग येणे, डोके फिरणे. किळसेचे रागात रूपांतर झाले, पण क्रियापद क्रियापदच राहिले आणि ज्याच्या पोटात ढवळते तोच त्याचा कर्ता राहिला. 'आइत्सु, मुकात्सुकु' म्हणणारा स्वतःविषयी काहीतरी कबूल करतो. 'आइत्सु, किमोइ' म्हणणारा काहीच कबूल करीत नाही.

याला अपवाद म्हणून 'किमो!' या उद्गाराकडे बोट दाखविले जाईल, आणि तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. जपानीत विशेषणाचा अंत्य 'इ' गाळून कंठ झटकन बंद करून उद्गार काढण्याची पद्धत आहे : चटका बसला की 'आत्सु!', थंडी वाजली की 'सामु!'. हिरोआकी कोन्नो यांनी २०१२ साली या रचनेचा 'इ-लोप' या नावाने सूक्ष्म अभ्यास केला. तिला नकार नाही, भूतकाळ नाही. ती त्या क्षणीच्या प्रतिक्रियेखेरीज दुसरे काही व्यक्त करीत नाही, आणि ती मूलतः कोणाला उद्देशून नसते. म्हणजे 'किमो!' मध्ये आश्रय परत आला असे म्हणावयाचे काय? तात्त्विक दृष्ट्या होय. व्यवहारात मात्र याच गुणाने तो अधिक जिव्हारी लागतो. वर्गातून एक मुलगा जात असता मागच्या बाकावरून 'किमो!' असा आवाज येतो. तो त्याला उद्देशून नाही. स्वतःशीच काढलेला उद्गार आहे. उद्देशून बोललेल्याला उत्तर देता येते, तक्रार करता येते. जे कोणालाच म्हटले नाही त्याला उत्तर कसे द्यावे? रचनेचा खासगीपणा हेच येथे शस्त्र होते. कोशांत या उद्गाराला स्वतंत्र स्थान मिळत नाही, कारण कोशकाराच्या लेखी ते विशेषणाचे एक अपूर्ण रूप.

'किमोइ'ची चर्चा बहुधा याच ठिकाणी 'केगारे' या प्राचीन कल्पनेकडे वळते, आणि शिंतो परंपरेतील विटाळ व आजच्या तरुणांची किळस यांमध्ये सरळ रेघ ओढली जाते. ती रेघ घाईची आहे. इ. स. ९२७ मध्ये पुरा झालेल्या 'एंगिशिकी' या विधिसंग्रहात विटाळाचे दिवस मोजून दिलेले आहेत : माणसाच्या मृत्यूचे ३०, जन्माचे ७, पाळीव पशूच्या मृत्यूचे ५. विटाळ एका घरातून दुसऱ्यात आणि तेथून तिसऱ्यात कसा संक्रमित होतो याचीही पायरीवार मोजदाद तेथे आहे. हा विटाळ घटनेला चिकटलेला असतो, आणि दिवस भरले की संपतो. मराठी वाचकाला सुतकाचा अनुभव असल्यामुळे हे समजावयास अडचण पडू नये. 'किमोइ'ला दिवस नाहीत. तो स्वभावधर्म सांगतो, आणि स्वभावधर्माची शुद्धी होत नसते. त्याचे खरे साम्य शोधावयाचे तर ते एदो काळातील वंशपरंपरागत बहिष्कृततेत शोधावे लागेल, जेथे विटाळ घटनेचा न राहता माणसाचा झाला आणि नावातच 'विपुल विटाळ' अशी चित्राक्षरे लिहिली गेली. ते अधिकृत भेद १८७१ च्या आज्ञेने रद्द झाले. सामाजिक व्यवहारातून ते त्या दिवशी गेले नाहीत. सुतक आणि अस्पृश्यता यांतील अंतर ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याच्या अभ्यासकांनी तरी या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

मुलांच्या खेळात मात्र दोन्ही धागे एकत्र आलेले दिसतात. कोणाचा पाय घाणीत पडला की जपानी मुले बोटांची अढी घालून 'एनगाचो' असे ओरडतात. ज्याने अढी घातली तो सुरक्षित, ज्याने घातली नाही त्याला विटाळ लागला. योशिहिको आमिनो या इतिहासकाराने १९७८च्या 'मुएन, कुगाइ, राकु' या आपल्या ग्रंथाचा आरंभच या खेळाने केला आहे, आणि २००१ साली आलेल्या हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटात बोटांची जोडी हाताने तोडून हा विटाळ उतरविण्याचा प्रसंग जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिला. खेळात विटाळ फिरता असतो. आता माझ्यावर, क्षणाने तुझ्यावर. परंतु एखाद्या मुलाच्या आडनावाला 'किन', म्हणजे जंतू, हा शब्द जोडून त्याला शिवायचे नाही असे जेव्हा वर्ग ठरवितो, तेव्हा फिरणे थांबते आणि खेळ संपतो. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर योकोहामा येथे स्थलांतरित झालेल्या एका मुलाला जंतू म्हणून वागविले गेल्याचे प्रकरण २०१६ साली उघडकीस आले तेव्हा सबंध देश हळहळला. येथे 'किमोइ' हा शब्द नाम झाला आहे, एवढाच फरक.

२०१३ साली जपानच्या संसदेने शाळांतील छळाच्या प्रतिबंधासाठी कायदा केला. त्यातील व्याख्या भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे : विद्यार्थ्याशी काही संबंध असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने केलेली मानसिक वा शारीरिक परिणाम करणारी कृती, जिच्यामुळे त्या विद्यार्थ्यास मनाचे वा शरीराचे दुःख होते, ती छळ मानावी. करणाऱ्याचा हेतू येथे निकष नाही. निकष आहे भोगणाऱ्याचे वाटणे. शिक्षण मंत्रालयाच्या वार्षिक पाहण्यांत थट्टा, निंदा, धमकी आणि टोचून बोलणे हाच प्रकार नोंदविलेल्या छळांत सातत्याने अग्रभागी असतो. म्हणजे कायद्याचा मुख्य सामना शब्दांशीच आहे. विशेषणाने ज्या आश्रयाला वाक्यातून हाकलले, त्याला कायद्याने व्याख्येत बसविले. मात्र तो आश्रय किळस वाटणाऱ्याचा नव्हे. ज्याची किळस केली गेली त्याचा.

बोलीने स्वतःही अशी एक जागा ठेवली आहे, आणि वरील विवेचनाला ती सर्वांत मोठी मुरड घालते. 'किमोइ'लाही 'गारु' हा प्रत्यय लागतो. 'किमोगारु' म्हणजे किळस वाटल्याचे दाखविणे. परंतु त्याचे कर्मणी रूप 'किमोगारारेरु' हेच अधिक ऐकू येते. 'लोकांना माझी किळस वाटते आणि ते ती मला दाखवितात', एवढा आशय या एका क्रियापदात आहे. भावविशेषणाचा प्रत्यय येथे पुन्हा हजर होतो, म्हणजे 'किमोइ'मधील आश्रय पूर्णपणे मेलेला नव्हता हे मान्य केले पाहिजे. तो परत येतो तो ज्याच्यावर शब्द फेकला गेला त्याच्या तोंडून. धर्म माझा नाही, वाटणे त्यांचे आहे, हे सांगण्याची व्याकरणिक सोय केवळ त्यालाच लागते.

तेव्हा जपानी-मराठी कोशात 'किमोइ' कसा नोंदवावा? 'किमोची वारुइ'च्या नोंदीत 'मळमळणे, कसेतरी होणे' आणि 'किळसवाणा' असे दोन अर्थ क्रमांकाने वेगळे देऊन, 'किमोइ'ची नोंद केवळ दुसऱ्याशी जोडावी, पहिला अर्थ होत नाही असे स्पष्ट लिहावे, 'किमो!' आणि 'किमोगारारेरु' यांना पोटनोंदी द्याव्यात. शेवटच्या शब्दाचे भाषांतर करताना मराठीची एक अडचण उभी राहते. 'माझी किळस केली जाते' हे व्याकरणशुद्ध असले तरी मराठी माणूस तसे बोलत नाही. तो 'लोक माझी किळस करतात' असे म्हणतो. जपानी वाक्यात जे 'लोक' कोठेच नसतात, त्यांना मराठीत आणून बसविल्यावाचून वाक्य उभे राहत नाही.